हिरड्यातून रक्त येत नव्हतं, तिथेच मी फसले: ब्रेसेस आणि सिगरेटची एक केस

ही केस लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण पेशंटने जे लपवलं ते यात आहेच, पण मी जे बघायला हवं होतं आणि बघितलं नाही ते त्याहून जास्त आहे. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वय 32, पुरुष, बैठं काम. तक्रार अशी की वरचे पटाशीचे दात पुढे आलेत, ओठ नीट मिटत नाहीत आणि खालचे दात एकमेकांवर चढलेत. मोजलं तर वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमधलं आडवं अंतर 8 मिलीमीटर निघालं (साधारण 2 ते 3 असावं), खाली साधारण 4 मिलीमीटर जागा कमी. प्लॅन पुस्तकातला: वरच्या दोन्ही बाजूच्या पहिल्या उपदाढा काढायच्या, त्या जागेत पुढचे सहा दात मागे घ्यायचे, खाली दात न काढता बाजू जराशा घासून जागा करायची. 22 ते 24 महिने लागतील असं मी सांगितलं. त्याने सिरॅमिक ब्रॅकेट (दातांना चिकटवायचे छोटे तुकडे) मागितले, सोबत त्यांच्यात तार धरून ठेवणारी पारदर्शक रबरं, मीटिंगमधे कुणाला दिसायला नको म्हणून. या पारदर्शक रबरांकडे लक्ष ठेवा, पुढे त्यांनीच सगळं बाहेर काढलं.

पहिल्या दिवशी फॉर्म भरला त्यात ‘धूम्रपान / तंबाखू’ समोर ‘नाही’ वर टिक. त्याची आई शेजारच्या खुर्चीत बसून फॉर्ममधे डोकावत होती. हे मला आता आठवतंय, तेव्हा डोळ्यांना दिसलं पण डोक्यात शिरलं नाही. मुलगा 32 वर्षांचा असला तरी आई शेजारी बसलेली असताना तो त्या चौकटीत दुसरं काय भरणार होता?

हिरड्या बघितल्या. फिकट गुलाबी, घट्ट, सूज नाही, ब्रश करताना रक्त येतं का विचारलं तर म्हणाला कधीच नाही. प्रोब, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधली फट किती खोल आहे ते मोजायची, टोकाला मिलीमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई, मी पाच-सहा ठिकाणी घालून बघितली, 3 च्या आसपास आली आणि मी ‘हिरड्या ठीक’ लिहून मोकळी झाले. ओपीजीवर, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एकत्र एक्स-रेवर, दाढांमधलं हाड किंचित उतरलेलं दिसत होतं, वयाचं असेल म्हटलं. बत्तिसाव्या वर्षी कसलं आलंय वयाचं! पण बाहेर चार पेशंट बसलेले असले की असली वाक्यं आपोआप सुचतात.

पहिली खूण तिसऱ्या दिवशीच मिळाली होती. उपदाढा सर्जनकडून काढून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी रात्री फोन, डाव्या बाजूला ठणका लागलाय, गोळीने थांबत नाही, कानापर्यंत जातोय. ड्राय सॉकेट. दात काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने जखम भरते, ती गुठळी निघून गेली की हाड उघडं पडतं आणि मग हा असला ठणका. आता ज्यांना हे रोजचं आहे त्यांना माहितीय की ड्राय सॉकेट बहुतेक वेळा खालच्या जबड्यात, त्यातही खालच्या अक्कलदाढेला होतो, वरच्या उपदाढेला झाला तर भुवई वर जायला हवी. सिगरेट ओढणाऱ्यात हे प्रमाण चांगलंच वाढतं, कारण एकतर जखमेचा रक्तपुरवठा कमी आणि वर झुरका ओढताना तोंडात खेच बसते. सर्जनने खड्डा धुवून औषधाची पट्टी भरली, आठवड्यात शांत झालं आणि मी फाईलमधे ‘ड्राय सॉकेट, डावी बाजू’ लिहिलं. का झाला असेल ते लिहिलं नाही कारण तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

पुढचे सहा महिने निवांत गेले. दात रांगेत आले, जाड तार बसली, आणि पुढचे दात मागे खेचायला दोन्ही बाजूला दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मधल्या हाडात मिनी-स्क्रू घातले. स्क्रू कशाला, तर दातांनाच दात खेचायला लावले की मागच्या दाढाही पुढे सरकतात आणि काढलेल्या दाताची जागा वाया जाते. उजवा स्क्रू मस्त धरला. डावा तीन आठवड्यात हलायला लागला, बोट लावलं की डुलायचा. काढला, जागा थोडी बदलून दुसरा घातला, तो पाच आठवड्यात गेला. दिवसाला 10 च्या वर सिगरेट ओढणाऱ्यांमधे असे स्क्रू निसटायचं प्रमाण लक्षणीय जास्त असल्याचं अभ्यासात दिसलेलं आहे, पण मला तर तो ओढतो हेच माहीत नव्हतं. शिवाय उजवा टिकलाच ना, तेव्हा सगळं खापर सिगरेटवर फोडणंही बरोबर नाही, स्क्रू चांगल्या हिरडीतही निसटतात. डावीकडे मग दाढांच्याच आधाराने रबरी चेन लावून काम चालवलं.

आणि आता यातला सगळ्यात फसवा भाग. उजवीकडची 7 मिलीमीटरची जागा चार महिन्यात 2 वर आली. महिन्याला साधारण 1 मिलीमीटर धरतो आपण, हा सव्वाने पळत होता. मी खूश. पेशंटला म्हटलंसुद्धा की तुमचे दात छान ऐकतायत हो.

अकराव्या महिन्यात आमच्या असिस्टंट ताई रबरं बदलत होत्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही, फक्त ट्रेमधे काढलेली रबरं बाजूला काढून ठेवली आणि मी आले तेव्हा चिमट्याने एक उचलून दिव्यासमोर धरलं. चार आठवड्यांपूर्वी पाण्यासारखं पारदर्शक होतं ते पिवळट तपकिरी झालेलं, आणि नुसतं वरून नाही, आतपर्यंत. हे दर वेळी असंच असतं मॅडम, त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्हाला माहितीय. मग मी आरसा घेऊन खालच्या पटाशीच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला बघितलं, तिथे काळसर चिकट थर. टाळूवर बघितलं तर मागच्या भागात कातडी पांढुरकी आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, लाळेच्या बारीक ग्रंथींची तोंडं सुजून दिसतात ती. गरम धुराने होतं ते. अकरा महिने दर चार-पाच आठवड्यांनी मी या तोंडात बघतेय आणि नजर फक्त ब्रॅकेटवर. आमच्या लोकांचा हा जुना आजार आहे, आम्ही दात बघतो, तोंड बघत नाही.

ताईंना बाहेर पाठवलं, खुर्ची उभी केली, कारण आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात हात घालून असले प्रश्न विचारू नयेत, आणि किती ओढता एवढंच विचारलं. ओढता का असं मुद्दाम विचारलं नाही. तो थोडा वेळ गप्प बसला मग म्हणाला, बारा-चौदा, कामाचा लोड असेल तर जास्त. किती वर्ष? अकरा. घरी माहीत नाही मॅडम. अपॉइंटमेंटच्या आधी तो पुदिन्याचा स्प्रे मारून यायचा, आणि मला वाटायचं किती नीटनेटका माणूस!

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. 26 दात, प्रत्येकाला सहा ठिकाणी प्रोब, म्हणजे 156 मोजमापं. ताई लिहीत होत्या आणि मी आकडे सांगत होते, तीन, तीन, चार, सहा, आणि सहा म्हटल्यावर ताईंचं पेन थांबलं. 19 ठिकाणी 5 किंवा जास्त, सगळ्यात खोल 7, वरच्या डाव्या दाढेच्या मागे. आणि या 156 पैकी रक्त आलं फक्त 9 ठिकाणी. सात मिलीमीटरच्या पॉकेटमधून, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेल्या खोल फटीतून, सळई बाहेर काढली तर कोरडी. इतक्या खोल पॉकेट असलेल्या न ओढणाऱ्या माणसाच्या हिरड्या एव्हाना भळाभळा वाहिल्या असत्या, आणि तो स्वतःच घाबरून वर्षभर आधी आला असता.

ही गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण सिगरेट आणि ब्रेसेस म्हटलं की सगळे डागांबद्दल बोलतात. रक्त येणं हा हिरडीचा भोंगा आहे. दातावर जंतूंचा थर साचला की हिरडीत रक्तवाहिन्या वाढतात, फुगतात, लाल होतात आणि हात लागला की रक्त येतं, माणूस घाबरतो, डॉक्टरकडे जातो. धुराने हा प्रतिसादच दबतो. हिरडी फिकट आणि जाडसर राहते, दिसायला तर उलट जास्तच निरोगी. आत मात्र जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम बिघडलेलं, धागे नव्याने विणणाऱ्या पेशी सुस्त, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटून बसलेला. म्हणजे घरात आग लागलीय आणि भोंग्याची वायर कापलेली. हिरड्यांच्या आजाराचं जे वर्गीकरण 2018 साली आलं त्यात आजार किती वेगाने वाढेल याच्या तीन ग्रेड आहेत, ए, बी, सी, आणि ग्रेड ठरवताना सिगरेटी थेट मोजतात: दिवसाला 10 पेक्षा कमी असेल तर कमीत कमी बी, 10 किंवा जास्त असेल तर सी, सगळ्यात वेगवान. आमचा गडी सरळ सी.

लहान एक्स-रे काढले. वरच्या दोन्ही दुसऱ्या पटाशीच्या दातांची मुळं टोकाला बोथट झालेली, साधारण 2 मिलीमीटर झिजलेली. हे न ओढणाऱ्यांतही होतं, ब्रेसेसमधे हेच दात सगळ्यात आधी झिजतात, म्हणून तर सहा ते नऊ महिन्यांनी एक्स-रे काढायचा असतो. तोही मी दोन महिने उशिरा काढला.

त्याने विचारलेला पहिला प्रश्न: मॅडम, पण माझे दात तर भराभर सरकतायत असं तुम्हीच म्हणाला होतात, मग सिगरेटने नुकसान काय झालं? प्रश्न योग्य होता, आणि उत्तर द्यायला मला कागदावर चित्र काढावं लागलं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामधे धाग्यांची एक गादी असते, साधारण पाव मिलीमीटर जाडीची, त्यात रक्तवाहिन्या, नसा, पेशी सगळं. तारेने दात ढकलला की एका बाजूला गादी दबते, दुसरीकडे ताणली जाते. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि वाट करून देतात, ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी मागून भिंत बांधत येतात. दोघींचा मेळ बसला तर दात आपलं हाड बरोबर घेऊन सरकतो. जोर फार झाला तर दबलेल्या बाजूचा रक्तपुरवठाच बंद होतो, गादीचा तो भाग काचेसारखा निर्जीव होतो, दात दोन-तीन आठवडे अडून बसतो आणि मग पेशी मागून पोखरत येतात. म्हणून हलका जोर, म्हणून महिन्याच्या अंतराने बोलावणं. सगळा खेळ त्या पाव मिलीमीटरमधल्या रक्तपुरवठ्याचा आहे आणि सिगरेट नेमकी तिथेच हात घालते.

आता वेगाचं. उंदरांना निकोटिन टोचून त्यांचे दात सरकवायचे प्रयोग झालेत, आणि त्यातल्या काहींत दात हळू नाही तर जास्त वेगाने सरकले. ऐकायला छानच वाटतं. पण अशाच प्रयोगांत दाताभोवतीचं हाडही जास्त गेलं आणि मुळंही जास्त झिजली. निकोटिनने हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात, बांधणाऱ्या मागे पडतात. भुसभुशीत मातीत खुंटी पटकन सरकते, पण तशीच ती हलतेही. माणसांवरचा पुरावा उंदरांइतका सरळ नाही आणि एका पेशंटच्या सव्वा मिलीमीटरवरून मी काही सिद्ध करायला निघालेले नाही, न ओढणाऱ्यांतही काही जणांचे दात असेच पळतात. पण सिगरेटने ट्रीटमेंट लांबते की लवकर संपते या वादात मी आता पडतच नाही. दात पोचला, पण सोबत हाड किती पोचलं, ते विचारा.

त्याला चित्र बघून समजलं. वरचे पुढचे दात जरा जास्तच हलत होते, ते त्यालाही जाणवत होतं, त्याला वाटायचं ब्रेसेसमधे असंच असतं. थोडं असतंच, पण एवढं नाही.

दात मागे खेचणारी स्प्रिंग आणि चेन त्याच दिवशी काढल्या. ब्रॅकेट ठेवले, तार ठेवली पण जोर शून्य, दात आहेत तिथे धरून ठेवायचे एवढंच. जिवंत पॉकेट असताना दात सरकवणं म्हणजे जंतूंचा थर दाताबरोबर खाली हाडात ढकलणं. हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं, दोन महिन्यात चार बैठकांत मुळांपर्यंत सफाई झाली. इथे पेशंट वैतागला. अकरा महिने झालेत, अर्धी जागा शिल्लक, आणि आता तुम्ही काहीच करणार नाही? मग ब्रेसेस काढून अलाइनर (दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) लावू, ते तरी काढून ठेवता येतात. म्हटलं हिशोब करा. अलाइनर दिवसाला 20 ते 22 तास घालावे लागतात, म्हणजे काढून ठेवायला जास्तीत जास्त चार तास, त्यात जेवणं आणि ब्रश. बारा सिगरेटी गुणिले दहा मिनिटं म्हणजे दोन तास तिथेच गेले. आणि घालूनच ओढलीत तर ते प्लास्टिक पिवळं पडणार आणि धुराचा राप त्याच्या आत दातांना चिकटून राहणार. तो हसला. ठीक आहे, म्हणाला, मग सिगरेटचंच बघू.

व्यसन सोडवणं हे माझं काम नाही असं मी कित्येक वर्ष समजत होते, फार तर ‘बंद करा बरं का’ म्हणायचं. या वेळी त्याला सकाळी उठल्यावर किती मिनिटात पहिली पेटवता ते विचारलं. हा एक प्रश्न व्यसन किती खोल आहे ते बरंच सांगतो, पाच मिनिटाच्या आत असेल तर फारच खोल. त्याचं उत्तर दहा मिनिटं. फिजिशियनकडे पाठवलं, त्यांनी निकोटिनचा, कातडीवर चिकटवायचा 21 मिलीग्रॅमचा पॅच सुरू केला, दिवसाला 10 च्या वर असेल तर तिथून सुरुवात करतात. निकोटिनची चघळायची गोळी आम्ही टाळली कारण ती ब्रॅकेटमधे अडकते, तार वाकवते आणि मग महिन्यातून तीनदा तुटलेला ब्रॅकेट घेऊन या. पॅचमधेही निकोटिनच ना, मग हाडाला फरक काय पडला, असं त्याने विचारलं आणि खरं सांगायचं तर याचा मी स्वतः आधी विचारच केलेला नव्हता. हो, निकोटिन तेच. पण धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, धुरातली बाकीची हजारो रसायनं नाहीत, आणि मुख्य म्हणजे काही आठवड्यात डोस कमी करत तो संपतो. शिवाय तोपर्यंत दातांवर जोर नव्हताच. वेप, म्हणजे ई-सिगरेट, चालेल का हेही विचारून झालं. त्याचा तर शेवटच ठरलेला नसतो, निकोटिन चालूच राहतं, म्हणून नको म्हटलं.

पहिल्यांदा तीन आठवडे टिकला आणि ऑफिसच्या एका वाईट रात्री परत पाच ओढल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं, याचं मला जास्त बरं वाटलं, कारण हाच माणूस अकरा महिने पुदिना मारून येत होता. नवी तारीख ठरवली, या वेळी घरी सांगून. ती टिकली.

आणि मग सहा आठवड्यांनी घाबरलेला फोन. मॅडम, सिगरेट सोडली तर उलट हिरड्यातून रक्त यायला लागलं, ब्रश लाल होतोय, आधी कधी असं नव्हतं, हे सोडल्यामुळे झालं का? हो, सोडल्यामुळेच झालं. भोंग्याची वायर जोडली गेली. सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यात हिरड्या जास्त रक्ताळतात हे नोंदवलेलं आहे, वर्षानुवर्ष दबलेला प्रतिसाद परत येतो. त्याला सांगितलं ब्रश थांबवू नका, दातांच्या मधला बारीक ब्रशही सोडू नका, रक्त आलं म्हणून तो भाग टाळलात तर सगळं पाण्यात. हे आम्ही त्याला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. याच टप्प्यावर किती जण ‘सिगरेट होती तेव्हा तोंड ठीक होतं’ म्हणत परत सुरू करत असतील.

सफाईनंतर तीन महिन्यांनी परत 156 मोजमापं. 5 किंवा जास्त असलेली ठिकाणं 19 वरून 7 वर, सात मिलीमीटरचं पॉकेट 5 वर. हलणंही बरंच कमी. सोळाव्या महिन्यात परत जोर लावला, पण आधीच्या निम्म्याने. हाड उतरलेलं असलं की हाडात राहिलेला मुळाचा भाग आखूड होतो, दाताचा तोल ज्या बिंदूवर असतो तो मुळाच्या टोकाकडे जातो, म्हणून आधीचाच जोर लावला तर दात सरकायच्या ऐवजी नुसता कलंडतो. अठराव्या महिन्यात डावीकडे तिसरा स्क्रू घातला, आणि तो शेवटपर्यंत राहिला. (एक स्क्रू टिकला याचा अर्थ काहीच नाही हे मला कळतं, तरी ताईंनी मला बोट दाखवून दाखवलाच.) दर तीन महिन्यांनी हिरड्यांच्या डॉक्टरकडे सफाई, दर सहा महिन्यांनी त्या दोन दातांचा एक्स-रे. मुळं पुढे झिजली नाहीत. जागा मात्र महिन्याला पाऊण मिलीमीटरने बंद होत गेली, आधीपेक्षा हळू, आणि या वेळी मी कुणाचं कौतुक केलं नाही.

ब्रेसेस निघाल्या 34 व्या महिन्यात. पुढचं अंतर 3 मिलीमीटर, ओठ मिटतात, मधली रेघ उजवीकडे अर्धा मिलीमीटर सरकलेली राहिली ती डाव्या दाढा पुढे आल्यामुळे. आणि दात सरळ झाल्यावर जे आधी झाकलेलं होतं ते उघडं पडलं: खालच्या पटाशीच्या दातांमधे आणि वरच्या दोन मोठ्या दातांमधे हिरडीजवळ काळे त्रिकोण. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून खाली हाडापर्यंतचं अंतर 5 मिलीमीटरपर्यंत असेल तर मधली हिरडी जवळपास नेहमी जागा भरते, 6 झालं तर निम्म्याच्या जरा वर आणि 7 ला साधारण चारात एकदा, हे 1992 साली मोजून दाखवलेलं आहे. याच्या वरच्या दातांत ते 7 आहे. बाजू थोड्या घासून टेकायची जागा हिरडीकडे आणली, त्रिकोण लहान झाला, गेला नाही. तो जाणार नाही. आरशात बघून त्याने विचारलं, हे ब्रेसेसमुळे की सिगरेटमुळे? मी म्हटलं हाड सिगरेटच्या अकरा वर्षात गेलं, पण पहिल्या अकरा महिन्यातलं काही माझ्याही नावावर मांडा.

दोन्ही जबड्यात आतून कायमची तार चिकटवलीय. हिरडीतले लवचिक धागे नव्या जागेला रुळायला वर्ष लागतं, आणि हाड कमी असलेल्या दातांचा तर मी वर्षानंतरही भरवसा धरत नाही.

फॉर्ममधला तो प्रश्न बदललाय. आता तो कागदावर नाहीच, खुर्चीत, सोबतचे बाहेर बसल्यावर, तोंडी विचारते, आणि उत्तर काहीही असलं तरी पूर्ण प्रोबिंग झाल्याशिवाय एकही ब्रॅकेट लावत नाही. वीस मिनिटं जातात. पारदर्शक रबरं ताई अजूनही दिव्यासमोर धरून बघतात, सगळ्यांचीच.

गेल्या महिन्यात तो तपासणीला आला होता. सिगरेट बंद होऊन दीड वर्षाच्या वर झालं, मधे एकदा एका समारंभात दोन ओढल्या तेही त्याने सांगितलं. 5 मिलीमीटरची चार ठिकाणं उरलीत. डाव्या दाढेच्या मागे प्रोब घातला तर रक्ताचा छोटा थेंब आला, आणि मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, आलं ना रक्त? तिथे माझा ब्रश पोचत नाही. लहान डोक्याचा ब्रश दिला आणि तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.